इद्रिस विसरतो ती जागा

किल्ली फिरेना तसं माझं डोकं सरकलं. रविवार, सकाळचे अकरा, एका हातात मासळीची पिशवी, तिच्यातून पाणी गळून चपलेवर पडतंय, आणि मी आपला कुलपाशी झटतोय. बायकोला, शोभाला, शंभरदा सांगितलं होतं की कुलपात चार थेंब तेल सोड. मी मनातल्या मनात तिच्याशी भांडायला लागलो. तिची बाजूही मीच मांडली आणि मीच खोडून काढली. एवढ्यात दार आतून उघडलं. समोर एक बाई, केस ओले, हातात कंगवा. त्यांनी विचारलं, कोण हवंय. मी म्हटलं, हे माझं घर आहे. असं म्हणेपर्यंत मला आतली भिंत दिसली आणि कळलं की हे माझं घर नाही. आता नवीन पनवेलात हे काही आक्रीत नव्हे. आमच्या सेक्टरातल्या सगळ्या इमारती एका रंगाच्या, एका उंचीच्या, जिनेसुद्धा एकाच बाजूला. इथं राहायला आलेला प्रत्येक माणूस एकदा तरी दुसऱ्याच्या दाराशी जाऊन उभा राहिलेला आहे आणि तो किस्सा हळदीकुंकवाला सांगून झालेला आहे. बाईही हसल्या. म्हणाल्या, तुम्ही ते नाटकवाले ना, तुमची कुठली बिल्डिंग, नंबर काय? आणि नंबर आला नाही. म्हणजे मी तोंड उघडलं आणि तिथं काही नव्हतंच. स्वयंपाकघराची खिडकी आठवत होती, कढीपत्त्याची कुंडी आठवत होती, मुलगी ऋचा लग्न होऊन गेली तरी जिन्याखाली पडून असलेली तिची सायकल आठवत होती. नंबर तेवढा गेलेला. अर्धं मिनिट असेल. मी हसलो. बाईंना वाटलं मी गंमत करतोय. मग त्यांनाच आठवलं, त्यांनी कंगव्यानं पलीकडची इमारत दाखवली आणि म्हणाल्या, बी-सात, जा आता, मासळी खराब होईल. मी जिना उतरायला लागलो आणि मधल्या वळणावर माझे पाय थांबले. मी आत्ता जो हसलो होतो, तसा मी हसत नाही. मान जरा डावीकडे, खालचा ओठ दाताखाली, आणि हात शर्टाच्या खिशावर तीनदा चापटी मारतोय, खिशात काही नसताना. तसा इद्रिस हसतो. रंगमंचावर, विसरण्याच्या जागेला. तिथं टाळी येते.

इद्रिस म्हणजे इद्रिस प्रॉसर. नाटकाची पाटी लागली तेव्हा निम्म्या पनवेलनं मला विचारलं, हा इद्रिस कुठला, तळोज्याचा का. मी सांगून सांगून थकलो की बाबांनो, हा वेल्सचा, इंग्लंडला चिकटून एक डोंगराळ मुलूख आहे तिथला, मोठा नावाजलेला कवी, आणि त्यांच्यातही इद्रिस नाव असतं. नाटक झकेरिया सरांनी लिहिलेलं. सर कॉलेजात इंग्रजी शिकवतात, घर मोऱ्याला, जेट्टीपासून हाकेच्या अंतरावर. लाँचची वाट बघत बसलेल्या लोकांची बोलणी ऐकत ते वाढले, म्हणून त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं. त्यांनी त्या कवीवर दीड तासाची एकपात्री लिहिली आणि ती मीच करावी असं त्यांच्या डोक्यात बसलं. मी न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं सोडवणाऱ्या एका ऑफिसात आहे, वय एक्कावन्न. तीस वर्षं हौशी नाटकांत फौजदार, मामा आणि पोस्टमन केले. मी म्हटलं, सर, मी आणि कवी? ते म्हणाले, आवाज आहे तुमच्याकडे, बाकीचा कवी मी देतो. तर हा इद्रिस पाटीच्या दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा. आवाज असा की लोक अर्थ कळला नाही तरी ऐकायला यायचे. देशोदेशी फिरून कविता वाचायचा, दारू प्यायचा, घरी पत्र पाठवायचा नाही. शेवटी कुठल्याशा परक्या शहरात, भरल्या सभागृहात, तो स्वतःची सगळ्यांत गाजलेली कविता म्हणायला उभा राहतो आणि दोन ओळी म्हणून थांबतो. तिसरी ओळ येत नाही. बराच वेळ उभा राहतो, हसतो, खिसा चाचपतो. खिशात बापाचं पत्र सापडतं. कवितेच्या ऐवजी तो तेच वाचतो. पंधरा ओळींचं साधं पत्र, छपराचं, मेंढ्यांचं. मग टोपी घालून निघून जातो. आठवड्यानं मरतो, पण ते नाटकात नाही. 'डोंगर माझ्या बापाच्या पाठीवर बसला, बापानं तो पाटी पाटी करून खाली आणला' अशा त्या दोन ओळी. तिसरी सरांनी लिहिलीच नाही. मी मागितली तर म्हणाले, ती तुम्हांला ठाऊक असली तर तुमचं विसरणं खोटं होईल, जनाब, तुमच्याकडे ओळ नसलेलीच बरी.

विसरणं खरं कसं करायचं हे मला आयतं मिळालं, आमच्या घरातून. आमचे आप्पा एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. भोंग्यावरून गाड्या पुकारायचे. पेण, अलिबाग, कर्जत, कुठली गाडी कितीला आणि कुठं लागणार, कागद न बघता. निवृत्तीनंतर चार वर्षांनी त्यांना एकेक गोष्ट सापडेनाशी झाली. आधी चष्मा, मग शब्द, मग माणसं. कुणी काही विचारलं की ते मान डावीकडे करायचे, ओठ दाबून लाजल्यासारखं हसायचे आणि खिशावर तीनदा थापटून म्हणायचे, आहे, इथंच आहे. सहा वर्षं शोभानं शाळा सांभाळून त्यांचं केलं. आंघोळीपासून सगळं. ते काहीही म्हणाले तरी ती वाद न घालता हो म्हणायची. मी सकाळी पोर्टच्या बसला पळायचो तो संध्याकाळी यायचो. एवढं मात्र केलं की बघून ठेवलं. नट माणूस, नजर कुठं गप्प बसते. आप्पा गेले तेव्हा मी रडलो, खरंच रडलो, आणि दोन वर्षांनी तालमीत सर म्हणाले की इथं तो विसरतो, तेव्हा माझा हात आपोआप खिशावर गेला. सर खुर्चीतून उठले. वल्ला, म्हणाले, हे कुठून आणलंत? मी म्हटलं, असंच सुचलं. बापाचं दुखणं मी उचललं आणि टाळी घेतली. उरणच्या पहिल्या प्रयोगाला शोभा पुढे बसली होती. ती जागा आली आणि तिनं मान खाली घातली. तेव्हापासून प्रत्येक वेळी ती त्या जागेला खाली बघत बसते, कान तेवढे इकडे असतात.

बी-सातमध्ये शिरलो, मासळी तिच्या हातात दिली आणि चुकीच्या बिल्डिंगचा किस्सा रंगवून सांगितला. नंबराचं सांगितलं नाही. पनवेलच्या प्रयोगाला बारा दिवस होते. ते बारा दिवस मी जे काढले ते वैऱ्यालाही नकोत. भीती अशी एकदम नाही बसत. ती ऑफिसच्या बसमध्ये शेजारी येऊन बसते. मी खिडकीतून ट्रकांचे नंबर पाठ करायला लागलो. जासईपर्यंत दहा नंबर, मग डोळे मिटून उलटे म्हणायचे. नऊच आले की पुन्हा पहिल्यापासून. ऑफिसात कंटेनरचे नंबर, चार अक्षरं सात आकडे, मला तोंडपाठ असतात आणि त्याची मी वर्षानुवर्षं फुशारकी मारत आलोय. आता कुणी नंबर विचारला की उत्तर बरोबर यायचं, पण ते येण्याआधी एक क्षण जायचा. तो क्षण पूर्वी होता का? होता की नव्हता हे कसं कळणार? सगळेच विसरतात, मी स्वतःला सांगायचो. शेजारच्या टेबलावरचा माणूस रोज डबा बसमध्ये विसरतो, त्याला काय झालंय? पण तो माणूस डबा विसरतो आणि बोंबलतो. मी विसरलो आणि हसलो, तेही आप्पांसारखा. तिथंच सगळं होतं. विसरण्याचं मला एवढं नव्हतं, त्या हसण्याची मला धडकी भरली होती. ते मी इतक्यांदा अंगावर चढवलं, की आता ते आपण होऊन येत होतं. की ते आधीपासूनच आत होतं आणि मी अभिनय म्हणून त्याला वाट करून दिली? दाढी करताना मी आरशात डाव्या बाजूला मान करून बघायचो आणि पटकन सरळ करायचो. डॉक्टरकडे जावं तर तो काय सांगणार हे मी आप्पांच्या वेळेला ऐकलेलं होतं. औषध नाही, सांभाळा.

शोभाकडे मी रोज पाठांतर द्यायचो. ही आमची आठ महिन्यांची रीत. ती भाजी निवडत बसायची, संहिता मांडीवर, आणि मी किचनच्या दारात उभा. बाई शाळेत मराठी शिकवते, तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. एक 'तर' सुटला की हाताचा पंजा वर. मग पान पहिल्यापासून. अहो, म्हणायची, सरांनी 'परंतु' लिहिलंय, तुम्ही 'पण' म्हणताय, त्यांनी काय शाई जास्त होती म्हणून लिहिलंय का? मी चिडायचो, म्हणायचो, प्रेक्षक काय 'परंतु' मोजायला येतात? ती म्हणायची, मी मोजते. त्या बारा दिवसांत मी तिला एकही पंजा वर करू दिला नाही. दीड तास, सलग, कानामात्रेसकट. पत्र म्हणताना तर ती पालक निवडायची थांबायची. ते पत्र तिचं फार लाडकं. 'इद्रिस, इकडे पाऊस लागून आहे. छपराच्या दोन पाट्या निसटल्या होत्या त्या मी बसवल्या. काळी मेंढी व्यायली. आई विचारते तू जेवतोस ना.' ती पदरानं नाक पुसायची आणि म्हणायची, एकही चूक नाही. तेवढ्यापुरता मला धीर यायचा. त्यातूनच मी एक ठरवून टाकलं, आणि ठरवल्यावर ते मानेवर बसलं. हा प्रयोग म्हणजे परीक्षा. आपल्या गावात, ओळखीच्या चारशे माणसांपुढे, दीड तास एकट्यानं उभं राहायचं, आजूबाजूला सावरून घेणारा दुसरा नट नाही. तो सुरळीत पार पडला, तर मला काही झालेलं नाही. आणि पडला नाही, तर आप्पांचं होतं ते मला लागलं. त्यापुढचं मी विचारच करत नव्हतो.

आमचा प्रॉम्प्टर दिनानाथ. निवृत्त पोस्टमास्तर, सत्तरीचा, तीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून त्यानं या गावातल्या किती नटांची अब्रू राखली याला गणती नाही. वाक्य अडलं की याचा आवाज नटाच्या कानात पोचतो आणि पहिल्या रांगेला ऐकू जात नाही, अशी त्याची ख्याती. अलिबागच्या दुसऱ्या प्रयोगाला मी विसरण्याच्या जागेला थांबलो, आणि जरा लांबवलं. दिनानाथला वाटलं माझी गाडी अडली. त्यानं आपला इमानेइतबारे पत्राचा पहिला शब्द टाकला, 'इद्रिस'. नेमका पंखा बंद होता. ते पहिल्या रांगेला गेलं, एक पोरगी हसली, आणि सगळं मुसळ केरात. प्रयोगानंतर मी त्या म्हाताऱ्याला चारचौघांत फाडून खाल्लं. म्हटलं, दिनानाथ, मी थांबतो ते माझं थांबणं असतं, तिथं मी मेलो तरी तुम्ही तोंड उघडायचं नाही. त्यानं खिशातली पेन्सिल काढली आणि संहितेत, त्या जागेला, पोस्टातल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'येथे काहीही झाले तरी बोलू नये', आणि खाली दोन रेघा मारल्या. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

प्रयोग एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये होता, संध्याकाळी पाचला, कारण सकाळी तिथं लग्न होतं. आम्ही पोचलो तेव्हा नवरानवरीच्या लाल खुर्च्या रंगमंचावरून उतरत होत्या आणि झाडूवाली रंभा अक्षता झाडत होती. इद्रिसचं परकं शहर उभं राहायचं त्या जागी झेंडूच्या पाकळ्या. रंभानं माझा कोट आणि टोपी बघितली आणि विचारलं, बाकीची मानसा कवा येनार? मी म्हटलं, बाकी कोणी नाही, मी एकटाच. तिनं झाडू थांबवला. "येकटेच? मंग चुकलात तर सांगनार कोन?" मी हसून म्हटलं, चुकतच नाही. नटराजाच्या तसबिरीपुढं नारळ वाढवला. तो झकेरिया सरांनीच. हेही आमच्या नाटकाचं नेहमीचं, बिस्मिल्ला म्हणून नारळ फोडतात. शोभा तिसऱ्या रांगेत कडेला जाऊन बसली. दोन घंटा झाल्या. मी विंगेत दिनानाथकडे गेलो. तो टॉर्च तपासत होता. मी त्याच्या स्टुलाशी वाकलो आणि म्हणणार होतो की दिनानाथ, ते पेन्सिलीतलं आज खोडा, आज मी थांबलो तर सांगा मला, जरा आधीच सांगा. एवढंच. पण हे म्हटलं म्हणजे त्याला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण मी अजून शोभालाही सांगितलं नव्हतं. म्हातारा माझ्याकडे बघत होता. मी विचारलं, चहा घेतलात ना? तो म्हणाला, घेतला की, तुम्ही निश्चिंत राहा. तिसरी घंटा झाली आणि मी उजेडात गेलो.

पहिला तास कसा गेला ते मला कळलं नाही, इतका तो छान गेला. ओळखीचे चेहरे दिसत होते, पोर्टातली माणसं, भाजीवाला, शोभाच्या शाळेतल्या बायका. खाणीतल्या सुरुंगाच्या प्रसंगाला कुणी खोकलं नाही. दारूच्या प्रसंगाला हशे जिथं यायचे तिथंच आले. मी आत कुठंतरी एकेक पान उलटत होतो आणि पुढच्या पानावरचा मजकूर आधीच दिसत होता. काही झालेलं नाही तुला, मी स्वतःला म्हणालो, ते सगळं मनाचे खेळ. मग ती जागा आली. दोन ओळी म्हटल्या. डोंगर माझ्या बापाच्या पाठीवर बसला. बापानं तो पाटी पाटी करून खाली आणला. थांबलो. मान डावीकडे. ओठ. हात खिशावर, एक, दोन, तीन. सगळं रीतसर. आणि मग मी तिसरी ओळ शोधायला लागलो. शोधण्याचा अभिनय नव्हे. मी खरोखर शोधायला लागलो. मला नक्की वाटत होतं की ती आहे, मी ती रोज म्हणतो, शोभानं ती शंभरदा तपासलेली आहे. बापानं आणला, मग काय? डोंगर खाली आला, मग पुढं काय? मी आत पान उलटलं तर पान कोरं. आणखी एक उलटलं, तेही कोरं. समोर चारशे डोकी आणि पंख्यांची घरघर. झेंडूची एक पाकळी बुटाला चिकटली होती, मी ती बघत राहिलो. हा कोट कुणाचा? ही टोपी हातात कशाला आहे? मी विंगेकडे बघितलं. दिनानाथ, अरे बोल. डोळ्यांनी मी त्याला हात जोडले. दिनानाथ टॉर्च विझवून, डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून बसला होता, देवळात बसल्यासारखा. मी थांबलो होतो आणि ते माझं थांबणं होतं. माझा हात खिशावरच होता आणि थापटतच होता, आणि माझ्या तोंडून, संहितेत नाही ते, आलं. आहे. इथंच आहे. आप्पा असे उभे राहत होते तर. आम्ही त्यांना विचारत राहायचो, आप्पा, मी कोण, सांगा बघू, आणि आत त्यांच्या हे असं होत होतं. मला ओरडावंसं वाटलं. आणि मग सुटलं एकदम. तिसरी ओळ नाहीच. सरांनी ती लिहिलेलीच नाही. पुढं पत्र आहे. पत्र. मी सुटलो. इद्रिस, इकडे पाऊस लागून आहे. छपराच्या पाट्या, काळी मेंढी, आई विचारते तू जेवतोस ना. दुसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं चष्मा काढून पुसला. टोपी घातली आणि निघालो, पडदा आला.

टाळ्या थांबेनात. लोक रंगमंचावर चढले. मला घामानं भिजलेल्या कोटासकट मिठ्या मारल्या. जो तो त्या थांबण्याबद्दलच बोलत होता. एक जण म्हणाला, अंगावर काटा आला, आमच्या वडिलांची आठवण झाली. पोर्टातला एक म्हणाला, साहेब, आम्हांला वाटलं तुम्ही खरंच विसरलात, काय ॲक्टिंग आहे. मी हसत होतो, मान सरळ ठेवून. आणि मला आतून असं हलकं हलकं वाटत होतं की विचारू नका. बसलं होतं ते उतरलं. झालं काय, तर कोरं झालं, ब्लँक. कुठल्या नटाला होत नाही? आणि त्यातून मी एकटा बाहेर आलो, कुणी शब्द न टाकता. परीक्षा पास. दिनानाथ काठी टेकत आला, माझे हात हातात घेतले. म्हणाला, तीन मिनिटं तरी असतील, जीव वर आला होता, पण तुम्हांला शब्द दिला होता, मी ब्र काढला नाही, आणि नंतर तुम्ही एकदम टोपीच घातलीत तेव्हा कुठं श्वास सोडला. मी त्याच्या पाया पडलो. म्हाताऱ्याला रडू आलं. सर जरा लांब उभे होते. गर्दी पांगल्यावर ते जवळ आले, आणि म्हणाले की शेवट बदलायचा तर लेखकाला एका शब्दानं विचारायचं होतंत, मला वाईट वाटलं असतं हे खरं, पण सच सांगू का, असाच बरा आहे, आता असाच ठेवा. मला वाटलं ते लांबवलेल्या थांबण्याबद्दल बोलतायत. मी म्हटलं, ठेवू की सर. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला.

घरी आलो तेव्हा साडेसात होत होते. रिक्षात मीच बोलत होतो. शोभा बाहेर बघत होती. मी म्हटलं, दमलीस का, ती म्हणाली, नाही. घरात आल्यावर तिनं माझा कोट खुर्चीवर पसरला आणि त्याच्या बाह्या सरळ करत राहिली. माझी कळी खुललेली होती. मला वाटलं आता सांगून टाकावं, त्या बाईंच्या दारातलं, नंबराचं, बारा दिवसांचं, हसत हसत सांगावं, आता त्यात काही उरलं नव्हतं. मी सुरुवात करणार तोच ती कोटाकडे बघत म्हणाली, "पत्र का गाळलंत?"

मी म्हटलं, गाळलं? कुठलं पत्र? ती म्हणाली, इद्रिसच्या वडिलांचं. मी हसलो. म्हटलं, तू खाली मान घालून बसतेस, तुला झोप लागली असेल. वाचलं की पत्र. पावसापासून ते जेवतोस ना पर्यंत. दुसऱ्या रांगेत तो म्हातारा चष्मा पुसत होता, तो बघितला नाहीस का? ती म्हणाली, चष्मा पुसणारे म्हातारे उरणला होते. हे तिनं इतकं हळू म्हटलं की मला ते पुन्हा मनात म्हणून बघावं लागलं. उरणला. मी तो म्हातारा डोळ्यांपुढं आणला. त्याच्या मागची भिंत निळी होती. कार्यालयाची भिंत कुठल्या रंगाची होती? मी पत्र म्हणताना माझा आवाज कसा लागला ते आठवायला लागलो, आणि मला तो ऐकू येत होता, अगदी स्पष्ट, पण त्यात मागून कुकरची शिटी होती. दिनानाथ काय म्हणाला होता? एकदम टोपीच घातलीत. मी खुर्चीची पाठ धरली.

"शोभा, मी वाचलं ते पत्र," मी म्हटलं. "मी वाचलं. वाचलं ना?"

ती वळली. आता ती पंजा वर करील, म्हणेल पान पहिल्यापासून घ्या, याची मी वाट बघत होतो. तसं झालं असतं तर मी अजूनही भांडलो असतो, चिडलो असतो, जिंकलोही असतो. तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले नव्हते, काही नव्हतं, नुसतं बघितलं. मग कोटाची वरची गुंडी लावली.

"हो," ती म्हणाली. "वाचलंत."

आठ महिन्यांत या बाईनं मला एक 'तर' सोडला नव्हता. मी तिचा हात धरला, घट्ट, तिला दुखलं असेल.

"भांड ना गं माझ्याशी," मी म्हटलं. "मला भीती वाटतेय, तू भांड."

"कशाला भांडू?" ती म्हणाली. "छान वाचलंत. बसा तुम्ही, मी चहा टाकते."